जर्नल क्लबचा पेपर कसा वाचावा: पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर जर्नल क्लबसाठी, म्हणजे एखादा संशोधन पेपर सगळ्यांसमोर मांडून तपासण्यासाठी, आपलं नाव लागतं, शेजारी तारीख, आणि खाली सिनियरने पेनाने लिहिलेलं असतं, "पेपर दोन दिवस आधी ग्रुपवर टाकणे." जेआर वन (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट) होऊन जेमतेम दोन महिने झालेले असतात. रात्रभर सॅम्पल, सलाइन आणि नातेवाईक, आणि त्यात हे. बहुतेक जण करतात तेच मीही केलं होतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (पेपरच्या सुरुवातीचा सारांश) उचलला, शब्द इकडचे तिकडे केले, अठरा स्लाइड बनवल्या. तिसऱ्या स्लाइडवर मॅडमनी विचारलं, "सुरुवातीला किती पेशंट घेतले आणि शेवटी किती मोजले?" मी अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधला आकडा सांगितला. "तो सुरुवातीचा झाला. शेवटचा?" त्या हॉलमधला कुलर किती आवाज करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता दरवर्षी नवे ज्युनियर माझ्याकडे येतात, बहुधा आदल्या रात्री. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. फायनल इयरचे आणि इंटर्नही हे करू शकतात. स्टॅटिस्टिक्स येत नाही म्हणून घाबरू नका, बेरीज-वजाबाकी-भागाकारावर बरंच काम भागतं.

आधी प्रश्न, मग पेपर

पेपर शोधायला बसण्याआधी वॉर्डातला एक पेशंट डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याबद्दलचा प्रश्न चार तुकड्यांत लिहा: पेशंट कोण, त्याला काय द्यायचं, कशाच्या तुलनेत, आणि काय व्हावं अशी अपेक्षा. यालाच पिको म्हणतात. "सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया" हा प्रश्न नाही, तो विषय झाला. (सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, हायड्रॉक्सीयुरिया त्यावरचं औषध.) "वर्षातून चार-पाच वेळा दुखण्याने ॲडमिट होणाऱ्या सिकलसेलच्या तरुणाला हायड्रॉक्सीयुरिया दिलं, तर न देण्यापेक्षा ॲडमिशन कमी होतील का?" हा प्रश्न.

शोधायला पबमेड, वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची. पूर्ण पेपर फुकट हवा असेल तर पबमेड सेंट्रल. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी संस्थांना हजारो जर्नल खुली झाली आहेत, तेव्हा आपल्या कॉलेजचं लॉगिन लायब्ररीत जाऊन विचारा. पहिल्या वेळी दोनच गट असलेली साधी रँडमाइज्ड ट्रायल (पेशंट कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक ठरतं असा अभ्यास) घ्या. जनुकं, मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारा पेपर) वगैरे पुढच्या वर्षी. शोभेसाठी अवघड पेपर घेणारा शेवटच्या बाकावरून येणाऱ्या पहिल्याच प्रश्नाला आडवा होतो.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झाका

पेपरची प्रिंट काढा. मोबाइलवर वाचू नका, टेबल कापलं जातं. आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर एक कोरा कागद चिकटवा. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ही लेखकांची स्वतःची जाहिरात असते. ती आधी वाचली की पुढचं सगळं आपण त्यांच्या चष्म्यातून पाहतो, आणि सारांश म्हणून त्यांचीच वाक्यं आपल्या तोंडून बाहेर पडतात.

वाचण्याचा क्रम असा ठेवा. इंट्रोडक्शनचा फक्त शेवटचा परिच्छेद, कारण प्रश्न तिथे असतो. मग मेथड्स, अक्षर न् अक्षर. मग पेशंट किती आले, किती गळाले हे दाखवणारी आकृती आणि टेबल वन (सुरुवातीला दोन्ही गट कसे होते ते दाखवणारं). मग रिझल्ट्समधली टेबलं, आणि टेबलांवरून स्वतःचं गणित. डिस्कशन त्यानंतर. चिकटवलेला कागद सगळ्यात शेवटी काढायचा आणि आपण काढलेलं उत्तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टशी जुळतं का ते पाहायचं. जुळलं नाही तर तोच तुमच्या सादरीकरणाचा सगळ्यात चांगला भाग.

"ताई, एवढं कोण वाचते?" असं एका ज्युनियरने विचारलं होतं. मेथड्सची पानं सहसा दोन-तीन असतात रे बाबा. तर्री पोहा खाऊन परत यायला लागतो तेवढा वेळ.

एक जुना पेपर हातात घेऊन

सरावासाठी मी नेहमी १९४८ चा बीएमजेमधला स्ट्रेप्टोमायसिनचा पेपर देते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली ही क्षयरोगाची ट्रायल. भाषा सोपी, आकडे लहान, आणि आजच्या ट्रायलचा सांगाडा त्यात उघडा दिसतो.

मेथड्स वाचताना समासात पाच गोष्टी टिपा.

कोण घेतले? दोन्ही फुप्फुसांत वेगाने वाढणारा, बेडक्यात जंतू सापडलेला क्षय असलेले तरुण, आधी १५ ते २५ वयाचे, नंतर मर्यादा ३० पर्यंत नेली. म्हणजे आपल्या ओपीडीतल्या साठीच्या, मधुमेह असलेल्या क्षयरोग्याबद्दल हा पेपर थेट काही सांगत नाही. हे वाक्य तसंच सारांशात जाईल.

गट कसे पाडले? यादृच्छिक आकड्यांच्या आधारे. सांख्यिकीतज्ज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी क्रम ठरवला आणि तो बंद लिफाफ्यांत ठेवला. लिफाफा कशाला? पेशंटला ट्रायलमध्ये घ्यायचं ठरवणाऱ्या डॉक्टरला पुढचा गट कोणता हे आधी कळलं, तर तो नकळत बऱ्या पेशंटला औषधाच्या गटात ढकलतो. "रँडमाइज्ड" असा शब्द लिहिला म्हणजे झालं असं मानू नका. क्रम कोणी तयार केला आणि तो कसा लपवला, ही दोन उत्तरं मेथड्समध्ये शोधा. "एक दिवसाआड" किंवा "केस पेपर नंबर सम-विषम" असं दिसलं तर ते रँडम नाही.

कोणाला काय माहीत होतं? औषध दर सहा तासांनी टोचायचं होतं आणि दुसऱ्या गटाला नुसती खाटेवरची विश्रांती, त्यामुळे वॉर्डात झाकण्यासारखं काही नव्हतं. पण एक्स-रे वाचणाऱ्यांना पेशंट कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं. ब्लाइंडिंग (कोण कोणत्या गटात हे झाकणं) जमलं नाही म्हणून पेपर फेकून द्यायचा नसतो. कशाचं मोजमाप झालं ते बघायचं. मृत्यू मोजताना डोळे बांधले नसले तरी फारसं बिघडत नाही. "पेशंटला किती बरं वाटतंय" हे मोजताना फार बिघडतं.

काय मोजलं आणि कधी? सहा महिन्यांनी एक्स-रेतला बदल आणि मृत्यू.

किती गळाले? हा माझा कुलरवाला प्रश्न. गळती दोन्ही गटांत सारखी आहे का, आणि ज्या गटात पेशंट पडला त्याच गटात तो शेवटपर्यंत मोजला का, हे पाहा.

जाता जाता एक गोष्ट. त्या ट्रायलमधल्या कंट्रोल (औषध न मिळालेल्या) पेशंटना आपण अभ्यासात आहोत हे सांगितलंच नव्हतं. तेव्हा औषधाचा तुटवडा होता, सगळ्यांना पुरणारच नव्हतं, असं समर्थन दिलं गेलं. आज आपली एथिक्स कमिटी असा सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) पहिल्याच बैठकीत परत पाठवेल. म्हणून एथिक्सचा परिच्छेद वगळू नका.

आता कागद-पेन घ्या

सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या ५५ पैकी ४ दगावले, कंट्रोलच्या ५२ पैकी १४. टक्केवारी काढा: ७.३ आणि २६.९.

भागाकार केला तर ०.२७. म्हणजे मृत्यूचा धोका ७३ टक्क्यांनी घटला. हा सापेक्ष फरक. वजाबाकी केली तर १९.६ टक्के. हा निव्वळ फरक. आता १०० ला १९.६ ने भागा: ५.१, प्रथेप्रमाणे वरचा पूर्णांक धरून ६. म्हणजे सहा जणांना औषध दिलं तर सहा महिन्यांत साधारण एकाचा मृत्यू टळतो. याला एनएनटी म्हणतात, आणि मला विचाराल तर अख्ख्या पेपरमधला पेशंटच्या नातेवाइकाला सांगता येईल असा हा एकच आकडा.

सापेक्ष टक्का एकटा कधीच सांगू नका. नागपूरच्या सीताबर्डीत दुकानाबाहेर "५० टक्के सूट" लिहिलेलं असतं, मूळ किंमत आत गेल्यावर कळते. हजारात २०० मृत्यूंचे १०० झाले तरी ५० टक्के घट, आणि हजारात दोनाचा एक झाला तरी ५० टक्केच. पहिल्यात एनएनटी १०, दुसऱ्यात १०००. कंपनीचा माणूस जेवण देतो तेव्हा स्लाइडवर कोणता आकडा मोठा असतो ते एकदा बघा.

मग कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा. वरच्या १९.६ टक्क्यांभोवती ९५ टक्के इंटरव्हल काढला तर तो साधारण ६ ते ३४ येतो, म्हणजे एनएनटी ३ ते १७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ट्रायल लहान, म्हणून पट्टा रुंद. दोन्ही टोकं वाचून स्वतःला विचारा: खरं उत्तर वाईट टोकाला असलं तरी मी हे औषध देईन का? इथे उत्तर हो. अनेक पेपरमध्ये या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं येतं, आणि तिथेच तुमचं अप्रेझल (पेपरचं मूल्यमापन) सुरू होतं.

पी व्हॅल्यूबद्दल (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) थोडक्यात. ती ०.००१ आहे म्हणजे परिणाम मोठा आहे असं नाही. पेशंट भरपूर घेतले की क्षुल्लक फरकही "सिग्निफिकंट" होतो. व्हायवात हे हमखास विचारतात.

एवढं झाल्यावर या पेपरचा पुढचा भाग ज्युनियरला सांगते, तेव्हा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याच पेशंटांचा पाच वर्षांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला: ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ मृत्यू. सहा महिन्यांची ती भलीमोठी दरी जवळजवळ बुजली होती. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे झाले होते. आज क्षयरोगाच्या उपचारात एकच औषध का देत नाहीत त्याचं मूळ इथे आहे. तेव्हा "किती फरक" याच्या शेजारी "किती दिवसांनी मोजला" हे लिहिल्याशिवाय सारांश पूर्ण होत नाही.

रँडमाइज्ड नसेल तर?

यासाठी लांब जायला नको. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा पेपर घ्या. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, सेप्सिसला (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाला) जेंटामायसिनचं इंजेक्शनही दिलं. ४७ गावं तुलनेला होती. सुरुवातीला नवजात मृत्युदर हजारी ६२ आणि ५८. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत २५.५, तुलनेच्या गावांत ५९.६.

गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. इथे नवखा विद्यार्थी "लिमिटेशन: नॉन-रँडमाइज्ड" असं लिहून मोकळा होतो. थांबा. रँडमायझेशन नसल्याने नेमकी कोणती शंका येते, ती बोला. चांगली गावं आधीच उचलली असतील का? पण सुरुवातीचा दर उलट ३९ गावांतच थोडा जास्त होता. जिल्ह्यात एकूणच परिस्थिती सुधारत असेल का? मग तुलनेच्या गावांतही दर उतरायला हवा होता, तो जागचा हलला नाही. मृत्यू मोजण्याची पद्धत दोन्हीकडे एकच होती का? हे मेथड्समध्ये शोधा आणि सापडलेलं वाक्य अधोरेखित करा. शंका, आणि पेपरमधलं तिचं उत्तर, अशी जोडी मांडता आली की मॅडम मान डोलावतात.

याच पेपरमध्ये एक छान कोडं आहे. ५९.६ मधून २५.५ वजा केले तर हजारी ३४ येतात, म्हणजे २९ बाळांमागे एक मृत्यू टळला. पेपर मात्र १८ बाळांमागे एक म्हणतो. चूक कोणाची? कोणाचीच नाही. त्यांच्या वाक्यात पोटातच दगावणारी बाळंही धरली आहेत. आउटकमची (काय मोजायचं त्याची) व्याख्या बदलली की आकडा बदलतो. सेप्सिसमधला मृत्यूचा टक्काही १६.६ वरून २.८ वर आला असं त्यात आहे, पण ती तुलना आधी आणि नंतरची आहे, आणि गावात ब्लड कल्चर नसल्याने निदान लक्षणांवरून केलेलं. त्या आकड्यावर मी जरा कमी वजन टाकते. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. सगळ्या पुराव्याला एकाच पट्टीने मोजायचं नसतं ते यासाठी.

मोजलं ते पेशंटच्या उपयोगाचं आहे का

हार्ट अटॅकनंतर ईसीजीत जादा ठोके दिसत. ते औषधाने दाबले तर अचानक येणारे मृत्यू टळतील, असा सगळ्यांचा समज होता. कास्ट ट्रायलचा १९९१ चा पेपर पाहा: एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोके दाबणारी औषधं घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले, प्लासिबोवर (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीवर) ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला आणि माणसं जास्त गेली. पेपरचा प्रायमरी आउटकम (मुख्य मोजमाप) एचबीए१सी, कोलेस्टेरॉल किंवा एखादा मार्कर असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया) नंबर टाकून नोंदणी उघडा. जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीची आहे की नंतरची, आणि तिथे लिहिलेला प्रायमरी आउटकम पेपरमध्ये तोच आहे का, एवढंच बघा. दहा मिनिटांचं काम आहे. कॉन्सॉर्ट आणि स्ट्रोब या याद्या पेपर कसा लिहावा यासाठी आहेत, त्यावरून मार्क देऊ नका. अप्रेझलसाठी कॅस्पच्या (क्रिटिकल अप्रेझल स्किल्स प्रोग्रॅमच्या) प्रश्नावल्या बऱ्या, नव्याला पुरतात.

नागपूरच्या ओपीडीत आणा

हायड्रॉक्सीयुरियाकडे परत येऊ. १९९५ च्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये २९९ प्रौढ होते, आधीच्या वर्षात किमान तीनदा दुखण्याचे झटके आलेले. वर्षाला झटक्यांचा मध्यांक प्लासिबोच्या गटात ४.५, हायड्रॉक्सीयुरियाच्या गटात २.५. ट्रायल ठरलेल्या वेळेआधीच थांबवली गेली. रँडमायझेशन, ब्लाइंडिंग सगळं चोख.

पण त्यात दर दोन आठवड्यांनी रक्त तपासून, सोसेल तिथपर्यंत डोस वाढवत नेला होता. आता गोंदियाच्या आतल्या गावातला मुलगा डोळ्यांसमोर आणा. एसटीने नागपूरला यायला त्याचा अख्खा दिवस जातो, सोबतच्या बापाची मजुरी बुडते. दोन आठवड्यांनी सीबीसी जमेल का? नसेल तर कमी, ठरावीक डोसचा अभ्यास आपल्याकडे झालाय का? शिवाय आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, जे हायड्रॉक्सीयुरिया वाढवतं) आफ्रिकी वंशाच्या पेशंटपेक्षा सहसा जास्त आढळतं. मग फायदा तेवढाच मिळेल की कमी? हा परिच्छेद कोणत्याही संपादकीयात सापडणार नाही, तो तुम्हालाच लिहायचा आहे. बहुतेक सादरीकरणांत या जागी "फर्दर स्टडीज आर नीडेड" अशी स्लाइड असते. ती काढून टाका.

एका पानाचा सारांश

पेपर उलटा ठेवा आणि न बघता लिहा. स्ट्रेप्टोमायसिनचा माझा असा होता:

"दोन्ही फुप्फुसांत वाढता क्षय असलेल्या १०७ तरुणांत स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती यांची नुसत्या विश्रांतीशी तुलना. गट यादृच्छिक, क्रम बंद लिफाफ्यांत. वॉर्डात ब्लाइंडिंग नाही, एक्स-रे वाचनात आहे. सहा महिन्यांत मृत्यू ७ विरुद्ध २७ टक्के, एनएनटी ६. लहान ट्रायल, कमी मुदत, पाच वर्षांत फायदा बराचसा ओसरला. माझं मत: औषध काम करतं यावर विश्वास ठेवते, एकटं द्यावं यावर नाही."

"माझं मत" वेगळ्या ओळीत ठेवा. लेखक काय म्हणतात आणि तुम्हाला काय वाटतं, यांची खिचडी झाली की ऐकणाऱ्याला कळत नाही कोणाशी भांडायचं. हल्ली एआयला पीडीएफ देऊन सारांश मागवतात. मागवा, पण स्वतःचा लिहून झाल्यावर, आणि त्यातला एकेक आकडा टेबलाशी लावून. टक्क्यांची आणि गटांची अदलाबदल मी स्वतः पकडली आहे.

स्लाइड दहा पुरे. टेबलाचा फोटो काढून लावू नका, मागच्या रांगेला तो मुंग्यांची रांग दिसतो. तुमचं दोन बाय दोनचं टेबल (दोन गट, दगावले आणि जगले) फळ्यावर खडूने काढा आणि भागाकार सगळ्यांसमोर करा. उत्तर माहीत नसेल तर "पाहून सांगते, मॅडम" म्हणा आणि संध्याकाळपर्यंत खरंच पाहून सांगा.

आणि सुरुवातीला किती, शेवटी किती, हे दोन आकडे हातातल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत. मी अजून लिहिते.